कडू हृदयं, साधी हृदयं

आन्सेल्मोकाका गप्प बसले म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे सिल्विनाला लहानपणापासून ठाऊक होतं. आज फाटकापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. जिना चढून धाप लागली म्हणावं, तर सत्तरी उलटूनही हा माणूस रोज सकाळी डोंगराच्या वाटेवर सायकल हाणणारा.

"काका, बोलून टाका एकदाचं. दात उपटताना कुणी हळूहळू ओढत नाही."

"मी दातांचा डॉक्टर नाही गं."

"ते दिसतंच आहे."

एरवी ते हसले असते. त्यांनी लायब्ररीचं दार उघडून तिला आत घेतलं, दार लावलं, आणि खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभेच राहिले.

सिल्विनाची आई, इर्मा राक्का, नोव्हेंबरात गेली. आर्जेन्टिनातल्या कोर्दोबाच्या या संस्थेत तिनं आन्सेल्मोकाकांच्या जोडीनं चाळीस वर्षं उंदरांची हृदयं काचेच्या नळीवर टांगून धडधडत ठेवली होती. दर जुलैत, ऐन थंडीत, ती हृदयावर काम करणाऱ्या तरुण संशोधकांचा आठवडाभराचा वर्ग घ्यायची. आसुन्सिओन, कोचाबांबा, काली, आसपासच्या देशांतल्या शहरांतून कुठून कुठून मुलं यायची आणि पहिल्या दिवशी तिच्या आवाजाला घाबरायची. यंदा वर्गाला तिचं नाव दिलं होतं. त्यासाठी सिल्विनानं प्रकाशनसंस्थेतून रजा काढली होती. तिथं ती मुद्रितं तपासायचं काम करत असे. सोमवारी उद्घाटनाला ती दोन वाक्यं बोलली. मग माणसं एकामागून एक येऊन तिचा हात हातात घेऊन आईची स्तुती करून गेली. थोर होती. निःस्वार्थी होती. अशी बाई पुन्हा होणे नाही. सिल्विना मान हलवत राहिली. आठ महिने हेच चाललं होतं. लोक चांगलेच होते. पण त्या स्तुतीतली बाई रोज थोडी थोडी अनोळखी होत चालली होती, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

"गुरुवारचं एक भाषण आम्ही गाळतोय," काका म्हणाले. "यामिला तोलाबाचं. उत्तरेकडच्या खुखुईची पोर आहे. सहा वर्षांपूर्वी याच वर्गाला आली होती. इर्माची लाडकी."

"मग गाळताय कशाला?"

"तिनं इर्माचंच काम पुन्हा करून पाहिलं. कडू झुडपाचं." काकांनी चष्मा काढला. "आलं नाही."

कडू झुडूप म्हणजे काय हे सिल्विनाला सांगावं लागत नव्हतं. त्यावरच तर ती वाढली होती. डोंगरात उगवणाऱ्या एका झुडपाचा अर्क आधी थेंबाथेंबानं सोडला, तर रक्तपुरवठा तुटलेलं हृदय मरत नाही, बरंचसं सावरतं, हे इर्मानं तरुणपणी एका हिवाळ्यात दाखवलं होतं. त्या कामानं तिचं नाव झालं. त्यातली आकृती पाठ्यपुस्तकात गेली. पुढं तिनं बरंच काही केलं, पण देशाबाहेर इर्मा राक्का म्हटलं की लोक म्हणत, हां, ती कडू झुडूपवाली.

"आलं नाही म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे झुडपात काही दम नाही असं दिसतंय." काका खिडकीबाहेर बघत बोलले. "तिच्या नावाचा पहिलाच वर्ग, तू पुढच्या रांगेत बसणार, आणि त्याच खोलीत हे वाचायचं? पुढच्या वर्षी बघू, शांतपणे. मात्र तुला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असं तुझ्या आईच्या मैत्रिणीनं, एतेल्विनानं बजावलंय. तू नको म्हण, विषय संपला. तुला कुणी बोल लावणार नाही."

आईचे कोट सिल्विनानं अजून कुणाला दिले नव्हते. चष्मा होता तिथंच ठेवला होता. एवढं सांभाळताना, ही एक गोष्ट सांभाळावी लागेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. छापून पुस्तकात गेलेली गोष्ट पुसली जाऊ शकते, हे खरं तर तिला इतरांपेक्षा जास्त माहीत असायला हवं होतं.

"मला आधी त्या मुलीला भेटू द्या," ती म्हणाली.

यामिला तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत होती. ठेंगणी, काळेभोर केस घट्ट बांधलेले, पांढऱ्या डगल्याच्या बाह्या दुमडलेल्या. तिच्यासमोर नळीच्या टोकाला मोठ्या द्राक्षाएवढं हृदय टांगलेलं होतं आणि धडधडत होतं. वरून कोमट खारं पाणी नळीतून त्यात उतरत होतं. सिल्विनाला पाहून ती गडबडली.

"सेन्योरा, मी... सांगायला येणारच होते."

"सेन्योरा, बाईसाहेब असलं म्हणू नकोस गं बाई. मागं वळून बघावंसं वाटतं, आई आली की काय."

यामिला हसू दाबायला गेली ते तिला जमलं नाही. मग तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, आणि ते लपवायला ती नळीवरचा चिमटा उगाच घट्ट करू लागली.

"मी खोटी ठरावी असंच मला वाटत होतं," ती म्हणाली. "किती वेळा केलं, विचारू नका. झुडूप बदललं. डोंगरातून ताजं आणलं. आन्सेल्मो म्हणाले अर्क शिळा असेल, म्हणून तोही नवा काढला. काही नाही. साधं हृदय आणि औषध दिलेलं हृदय, दोन्ही सारखीच मरतात. आणि मागच्या हिवाळ्यात आमच्या खोलीचा हीटर बिघडला. तेव्हा एकदम जमायला लागलं."

"जमायला म्हणजे, औषध लागू पडायला?"

"तसंच वाटलं. मी नाचले अक्षरशः. मग बघते तर ज्यांना औषध दिलं नव्हतं तीसुद्धा सावरत होती." तिनं बोटानं काचेची नळी दाखवली. "हे बघा. पाण्याची टाकी तिकडं आहे. थर्मामीटर टाकीत. टाकीत सदतीस. पण खोली गारठलेली असली तर नळीतून इथवर येईतो पाणी निवतं. हृदयापाशी तीन-चार अंशांनी कमी. टाकीतल्या थर्मामीटरला पत्ताच नाही. आणि गार हृदय मरायला वेळ लावतं. बर्फातल्या मासळीसारखं."

"मग आईची हृदयं..."

"औषध दिलेली गार असणार, साधी कोमट. तरच त्यांची आकृती जमते." यामिला खाली बघू लागली. "पण असं कसं होईल? सगळी औषधाची गार आणि सगळी साधी कोमट? असं मुद्दाम कुणी केलं तरच होईल. आणि त्या तसं करणाऱ्या नव्हेत. मला पहिल्या दिवशी त्यांनी काय सांगितलं माहितीय? 'पोरी, आकडा आवडला की आधी थर्मामीटरकडं जा.' सगळ्यांसमोर ओरडून. मी खुखुईहून बसनं आलेली, हातात डबा, वाटलं परत जावं." तिनं नाक पुसलं. "आज मी जी कुणी आहे ती त्यांच्यामुळं. आणि मी काय आणलं त्यांच्यासाठी, तर हे."

टांगलेलं हृदय धडधडत होतं. सिल्विना त्याच्याकडं बघत उभी राहिली. आई असती तर हिला काय म्हणाली असती, याचा तिनं विचार केला. उत्तर काही फार शोधावं लागलं नाही. आईनं या मुलीला जवळ घेतलं नसतं. 'स्लाइडवरची अक्षरं मोठी कर, मागच्यांना दिसत नाहीत,' एवढंच म्हणाली असती.

"गुरुवारी बोल," सिल्विना म्हणाली. "आणि स्लाइडवरची अक्षरं मोठी कर."

तिनं काकांना सांगितलं. "नीट विचार केलास?" त्यांनी विचारलं. "एकदा खोलीत शब्द पडला की तो मागं घेता येत नाही."

"माहितीय, काका."

"तुझ्या आईचं नाव जाईल यात."

"जाईल कदाचित," ती म्हणाली.

गुरुवारी खोली भरली होती. येर्बाच्या कडू चहाचा पेला एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होता. पहिल्या रांगेत उरुग्वेतल्या मोंतेविदेओहून आलेल्या एतेल्विनाबाई काखेत थर्मास दाबून बसल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, इर्माची सगळ्यात जुनी मैत्रीण आणि सगळ्यात जुनी भांडखोर. दोघींनी चाळीस वर्षं एकमेकींचे लेख फाडून खाल्ले होते आणि सुट्टीत समुद्रावर एकाच छत्रीखाली बसल्या होत्या.

यामिला बोलली. शेवटी तिनं इर्माची ती जुनी आकृती पडद्यावर लावली, शेजारी स्वतःची.

"इर्माची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे," आन्सेल्मोकाका उठून म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "आधी लहानांनी विचारायचं. पिकल्या केसांनी तोंड बंद ठेवायचं. एतेल्विना, तूसुद्धा."

"मी काही बोलले का?" एतेल्विनाबाई फणकारल्या.

"श्वास घेतलास."

"मग आता तुम्हा आर्जेन्टिनावाल्यांना विचारून श्वास घेऊ?"

खोलीत जरा हसू फुटलं. पाराग्वाईच्या एका मुलानं हृदयापाशी तापमान कसं मोजलं ते विचारलं. यामिलानं सांगितलं. मग कोचाबांबाची एक मुलगी उभी राहिली. हातातला पेला तिनं शेजारणीला दिला.

"सगळं पटलं," ती म्हणाली. "पण डॉक्टर राक्कांनी औषधाची सगळी हृदयं गारठ्यातच का घेतली असतील? हे सुटल्याशिवाय तुझं बोलणं अर्धवट आहे."

"हो," यामिला म्हणाली. "अर्धवट आहे. मला माहीत नाही."

आता एतेल्विनाबाईंना आवरणं शक्य नव्हतं. "माहीत नाही, कारण तसं घडलंच नाही! इर्मा हट्टी होती, खवट होती, भाषणात माझ्यापेक्षा दुप्पट वेळ खायची. पण वेंधळी नव्हती. अख्खा हिवाळा काम करते आणि औषधाचं फक्त गारठ्यात करते? कशासाठी? तिला काय वेड लागलं होतं?"

"तेव्हा ती खोली वर होती," काका हळूच म्हणाले. "आता पाडली. उन्हाच्या बाजूला, उत्तरेकडं मोठ्या खिडक्या. सकाळी बर्फासारखी, आम्ही हातमोज्यांची बोटं कापून काम करायचो. दुपारी ऊन आलं की सदऱ्यावर."

"असेल. पण म्हणून औषध सकाळीच का?"

पडद्यावर दोन आकृत्या शेजारी शेजारी होत्या. सिल्विना आईच्या आकृतीकडं बघत होती, आणि सकाळ-दुपार हे दोन शब्द ऐकल्यावर तिच्या आत काहीतरी सरकत सरकत जागेवर येऊन बसलं. ते इतकं साधं होतं की हात वर करताना तिला संकोच वाटला.

"सकाळीच," ती म्हणाली. "नेहमी सकाळीच."

सगळी खोली तिच्याकडं वळली.

"मी दुसरीत होते. बाबा तेव्हा रोसारिओला निघून गेले होते, घरात आम्ही दोघीच." तिनं हात खाली घेतला. "औषधाच्या हृदयांना मध्येच सोडून उठता येत नाही, असं आई म्हणायची. थेंब मोजावे लागतात. म्हणून ती सकाळी करायची, मी शाळेत असताना. दुपारी शाळा सुटली की मला घेऊन ती परत इथं यायची. मी त्या खोलीच्या कोपऱ्यात बसून जेवायचे, बडबड करायचे. साधी हृदयं बडबडीत चालायची. त्यांना मी साधी म्हणायचे. सकाळच्यांना कडू. रोज विचारायचे, आज कडू किती झाली, साधी किती राहिली." ती यामिलाकडं वळली. "तिनं ठरवून केलं नाही काही. मला शाळेतून आणायचं होतं, एवढंच."

यामिलानं तोंडावर हात ठेवला होता. आन्सेल्मोकाका उभे होते ते खुर्चीत बसले.

"तो कोपरा," ते म्हणाले. "अरे देवा. तू तिथं संत्री सोलायचीस. आम्हाला वास यायचा. मी त्याच खोलीत होतो, रोज, आणि माझ्या डोक्यात एकदासुद्धा आलं नाही."

एतेल्विनाबाईंनी थर्मास मांडीवर घेतला. त्या हसत होत्या, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदम. "म्हणजे चाळीस वर्षं मी त्या झुडपावर तिच्याशी भांडले," त्या म्हणाल्या, "आणि भांडायला हवं होतं ते शाळेच्या घंटेशी!"

मग खोली फुटली. हसण्याचा एवढा गलका झाला की शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावून गेलं. आणि हसणं ओसरायच्या आतच भांडण सुरू झालं. कालीचा एक मुलगा म्हणाला, मग इर्मानं नकळत थंडाव्याचा गुण तेव्हाच दाखवला होता, झुडपाचं नाव काढून टाका, आकडे खरेच आहेत. कोचाबांबाची मुलगी म्हणाली, आकडे खरे असून काय उपयोग, अर्थ चुकला. पाराग्वाईच्या मुलाला वाटत होतं की गारठ्यात झुडूप थोडं तरी लागू पडत असेल, ते वेगळं तपासायला हवं. यामिला फळ्याकडं धावली. तिनं खडूनं चार चौकटी काढल्या, गार-कोमट, कडू-साधी, आणि कुठल्या चौकटीत काय केलंय, काय राहिलंय ते भरू लागली. सिल्विनाचे ते लहानपणचे शब्द तिनं तसेच फळ्यावर लिहिले. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

वेळ संपला तरी कुणी उठेना. शेवटी काकांनी सगळ्यांना अंगणात हाकललं. थंडीचं कोरडं ऊन पडलं होतं. चरबी लावून भाजलेल्या चौकोनी पावांची टोपली भिंतीवर ठेवलेली होती, तिच्याभोवती भांडण जसंच्या तसं पुढं चालू राहिलं.

सिल्विना पाव हातात घेऊन जरा बाजूला उभी होती.

"इर्माचं चुकतंय ते इथंच," एतेल्विनाबाई कुणाला तरी बजावत होत्या. "ती थर्मामीटरवर विश्वास टाकते. माणसावर टाकत नाही, पण थर्मामीटरवर टाकते!"

"मुळीच नाही," काका म्हणाले. "ती म्हणते, आधी थर्मामीटर तपासा. तू तिचं नीट ऐकत नाहीस."

"तीच माझं ऐकत नाही!"

चुकतंय. म्हणते. ऐकत नाही. सिल्विनानं पावाचा तुकडा तोंडात ठेवला. नोव्हेंबरापासून आईबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. कुणी तिच्यावर चिडलं नव्हतं. तिला वाटलं होतं की आज काहीतरी हातचं जाणार, आणि गेलंही होतं, ते झुडूप गेलं होतं. पण तिच्या आईशी इथं पुन्हा कडाकडा भांडलं जात होतं, आणि ती त्यात हरत होती, मग जिंकत होती, मग परत हरत होती. सिल्विनाला त्या सगळ्यांचे हात हातात घ्यावेसे वाटले. सोमवारी त्यांनी तिचे घेतले होते, तसे नव्हेत. निराळ्या रीतीनं.

आन्सेल्मोकाका टोपलीपाशी येताना तिच्याजवळ थांबले. "रागावलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

"नावाचं काय करायचं? वर्गाच्या."

"राहू द्या. भांडायला कुणीतरी हवंच."

यामिला अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडून आली. डगल्यावर खडू सांडलेला, गाल लाल. "सिल्विना, एक विचारू? लेखात हे लिहावं लागेल. औषध सकाळी का, त्याचं कारण. आमच्यात त्याला रीत आहे. कुणी तोंडी सांगितलं तर त्याचं नाव द्यायचं. तुझं देऊ?"

"दे."

"आणि शब्द कसे लिहू? तू छापायचं काम करतेस म्हणून विचारते. 'कौटुंबिक कारणास्तव' असं लिहू?"

सिल्विनाच्या हाताखालून अशी किती वाक्यं गेली होती, आणि तिनं किती वेळा पेन्सिलीनं त्यांना सरळ केलं होतं. तिनं आठवून पाहिलं. शाळेचं हिरवं फाटक. थंडीत लालबुंद झालेले आयांचे चेहरे. घंटा व्हायची, मुलं बाहेर लोटायची, आणि ज्यांची आई आली नाही ती पायरीवर बसायची. त्या पायरीवर ती कधी बसल्याचं तिला आठवेना. एकही दिवस नाही. वरच्या खोलीत थेंब मोजणाऱ्या बाईला एकही दिवस उशीर झाला नव्हता.

"तसं नको," ती म्हणाली. "साधं लिही. मुलीला शाळेतून आणायचं असे."

"एवढंच?"

"आणि वेळेवर आणत असे, असंही लिही."

"हे छापतील का गं?" काका म्हणाले. "विज्ञानाच्या लेखात?"

"विचारून तर बघू," यामिला म्हणाली. तिनं तळहातावर पेनानं ते वाक्य उतरवून घेतलं, आणि एतेल्विनाबाईंनी हाक मारली म्हणून पळत भांडणात गेली.